बारा शब्दांचं ताट

धरणगावच्या बाजारात नवीन नावाच्या शेठचं भांड्यांचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या पायरीवर चुडामण आबा बसतात. पायरी शेठची, पण तिच्यावरचा हक्क आबांचा. लग्नसराईत दुकानातून घेतलेलं प्रत्येक भांडं रस्त्यावर उतरण्याआधी आबांच्या मांडीवर येतं, त्यावर नाव पडतं, आणि मगच ते कुणाच्या तरी घरचं होतं.

आबा आधी छिन्नी-हातोडीने टिंब टिंब ठोकून नावं घालायचे. मग विजेचं मशीन आलं, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं घर्र करणारं. मशीन आल्याने काम लवकर होऊ लागलं, पण अक्षराचं वळण आबांनी सोडलं नाही. पैसे अक्षरामागे, त्यामुळे लोक नावं आखडून घेतात. एका बाईने नवऱ्याचं नाव गाळून नुसतं आडनाव घालायला सांगितलं, तेव्हा आबा मशीन थांबवून म्हणाले, "नवरा महाग पडस का वं माय?" सगळी पायरी हसली. बाईने हसत हसत नवरा परत घालून घेतला.

भांड्याला नाव कशासाठी, हे आबांना कुणी विचारलं की ते एकच सांगत. लग्नाचं जेवण असो की दशक्रियेचं, गल्लीतली पातेली, घागरी, ताटं एका मांडवात येतात. कोण कुणाचं कशावरून ओळखणार? "नाव शे ते भांडं घर येस," आबा म्हणत, "नाव नही ते भांडं गावनं." अशी भांडी परत घरी पोचवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. अभिमान नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातचं काम मी तरी घेणार नाही.

एका रविवारी दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, कोकिळाबाईचा जितेंद्र पायरीवर येऊन टेकला. याचा बाप पुना याच दुकानात काट्यावर असायचा, पितळ तोलायचा. आबांची आणि त्याची एका विडीची मैत्री. पुना अकाली गेला, तेव्हा जितेंद्र शाळेत आणि धाकटी मोनाली कडेवर. कोकिळाबाईने जिनिंगमध्ये कापूस वेचून, कपाशीची धूळ खाऊन दोघांना वाढवलं. आता जितेंद्र जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या कारखान्यात हिशेब बघत होता, तिथेच खोली घेऊन राहत होता आणि शनिवारच्या एसटीने घरी येत होता.

त्याच्या हातात स्टीलचं नवं ताट आणि घडी केलेला कागद होता.

"आबा, ताटना मांगे लिखनं शे. इंग्रजीमा."

आबांनी चष्मा सरकवून कागद पाहिला. बारा शब्द होते, प्रत्येकाला आकडा घातलेला.

"कोनं नाव शे हाई?"

"नाव नही आबा. चावी शे."

मग त्याने इकडेतिकडे बघून समजावून सांगितलं. पगारातून दर महिन्याला थोडे थोडे पैसे तो कॉम्प्युटरवरच्या नाण्यांत घालत होता. ती नाणी ज्या पाकिटात असतात ते पाकीट फोनमध्ये. त्याची खरी चावी म्हणजे भलीमोठी आकड्याअक्षरांची माळ, ती माणसाला पाठ होणं शक्य नाही. म्हणून पाकीटच बारा साधे शब्द काढून देतं. फोन चोरीला गेला, फुटला, पाण्यात पडला तरी हरकत नाही. नव्या फोनमध्ये हे बारा शब्द याच क्रमाने भरले की पाकीट जसंच्या तसं परत.

"आनि दुसरानी भरात ते?"

"ते त्यानं व्हई जाई."

आबांनी मान हलवली. "मंग बँकमा ठेवाले काय व्हस?"

"तठे बँक नही, मॅनेजर नही. मीच मना मॅनेजर."

"आनि चावी हरपनी ते?"

"ते देव उना तरी उघडाव नही," जितेंद्र म्हणाला. "म्हनीसन ते ताटवर. कागदले उधई खाई जास. ताटले काय खाई?"

हे मात्र आबांना पटलं. वाळवीने पोथ्या खाल्लेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, ताट खाल्लेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी मशीन सुरू केलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण अक्षरांचे आकार येत होते. ए म्हणजे तिकाटणं, ओ म्हणजे बांगडी. चार ओळी, ओळीत तीन शब्द, प्रत्येकावर आकडा. काम एवढं नेटकं झालं की जितेंद्र क्षणभर नुसता बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "आबा, कोनले सांगू नका."

आबांना हे थोडं लागलं. "मी वाचस नही रे भो, मी कोरस." मग कागद फाडून गटारीत टाकणाऱ्या जितेंद्रला त्यांनी विचारलं, "घर सांगं का? तुनी मायले?"

"आईले काय समजस त्यामधलं?"

आबांनी मशीन बंद करून बाजूला ठेवलं. पण भांडं घरात ठेवायचं आणि घरच्या बाईला सांगायचं नाही, हा प्रकार त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. जितेंद्रला मात्र आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. कोकिळाबाईच्या पलंगाखाली भांड्यांची लोखंडी पेटी होती, तिच्यात तळाला त्याने ते ताट सरकवलं. भांड्यांत भांडं, कुणाच्या डोळ्यावर येणार?

त्याच उन्हाळ्यात मोनालीचं लग्न झालं. चाळीसगावचं स्थळ, मुलगा दुकानदार, माणसं चांगली. रुखवतातल्या बहुतेक भांड्यांवर आबांच्याच हातचं नाव होतं, आणि त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुनाची पोर म्हणजे आपलीच, असं म्हणून ते पंगतीत पोटभर जेवले आणि घरी आले. रुखवत बायकांनी मांडायचं आणि बायकांनी बघायचं, पुरुष तिकडे फिरकत नाहीत. जितेंद्र तर मांडव, वरात आणि वरपक्षाचा चहा यांतच दिवसभर पळत होता.

पोळ्याच्या सुमारास जितेंद्रने एके सकाळी फोनवर पाकीट उघडलं, तर आत काही नव्हतं. सगळी नाणी कुणीतरी भलत्याच पत्त्यावर पाठवून दिली होती. बँक असती तर मॅनेजरची कॉलर धरता आली असती. इथे मॅनेजर तो स्वतःच. तो तसाच धरणगावला आला, आईला काही न बोलता पेटी उघडली. ताट तळाशी जिथल्या तिथे होतं. म्हणजे ताट कुणी नेलं नव्हतं. मग शब्द गेले कसे?

जळगावला जाऊन त्याने तक्रार दिली. लिहून घेणाऱ्याने साधा प्रश्न विचारला, हे शब्द तुमच्याशिवाय कुणी पाहिले होते? जितेंद्रने एकच नाव सांगितलं.

एक शिपाई मोटारसायकलवर पायरीपाशी आला. आबांशी नीट बोलला, विचारायचं ते विचारलं, पाणी मागून प्यायला आणि गेला. पण दिवस आठवडी बाजाराचा होता. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली, आणि रात्री तिला शेपूटही फुटलं, की चुडामण आबा म्हणे नाव कोरता कोरता लोकांच्या कुलपांचे नंबर टिपून ठेवतात. तोंडावर कुणी बोललं नाही. तोंडावर बोललं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. बायका भांडं घ्यायच्या, पायरीवरून उतरताना पदर सावरायच्या आणि नाव घालायला स्टेशनकडच्या पोराकडे जायच्या. गणपतीनंतर नवीन शेठ गुळमुळीत आवाजात म्हणाले, "आबा, थोडे दिवस घरी आराम करा ना." आबांनी मशीन गोणपाटात गुंडाळलं आणि घरी नेलं.

त्यांना फार वाईट वाटलं. पायरी गेल्याचं वाईट वाटलंच, पण पुनाच्या पोराने आपलं नाव घेतलं याचं त्याहून जास्त. दुसऱ्यांची नावं जपता जपता आपल्या नावाला असा डाग लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. झुंबरबाई, त्यांची बायको, मूळची पहूरची आणि जिभेची तिखट. ती गल्लीत सगळ्यांशी भांडून आली, दोन घरांशी बोलणं बंद केलं, आणि तरी काही उपयोग झाला नाही.

दसरा उलटला. एके दुपारी झुंबरबाई ओट्यावर फोन घेऊन बसली होती. नवऱ्याचं मन जरा रमावं म्हणून तिने मोनालीच्या लग्नाचे फोटो काढले. लग्नात कुणीतरी काढलेले, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर, कुणाकुणाच्या स्टेटसवर फिरून तिच्यापर्यंत आलेले.

"देखा, बठ्ठं तुम्हनंच काम शे," ती सगळी भांडी दाखवत म्हणाली आणि रुखवताचा फोटो बोटांनी मोठा केला.

आबांनी चष्मा लावला. मागे हंडे, त्यापुढे डबे, त्यापुढे लाडवांची परात. आणि सगळ्यांत पुढे, मधोमध, समईला टेकवून एक ताट उभं केलेलं. पालथं. पाठ लोकांकडे. भोवती झेंडूची माळ, आणि आत चार ओळींत बारा शब्द, आकड्यांसकट. बोटांनी आणखी मोठं केलं तसे ते आणखीच स्वच्छ दिसले. आपलं अक्षर एवढं वाचण्याजोगं असल्याचा पश्चात्ताप आबांना आयुष्यात पहिल्यांदा झाला.

काय घडलं असेल हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. रुखवतासाठी कोकिळाबाईने पेटी उपसली असेल. तळाला नवंकोरं ताट, पाठीवर इंग्रजीत सुंदर कोरलेलं. पोराने बहिणीसाठीच काहीतरी गोड लिहून आणलंय, दुसरं काय असणार? मग एवढं चांगलं कोरलेलं भिंतीकडे का करायचं? म्हणून तिने पाठच लोकांकडे केली. पाठवणीच्या वेळी ताटं जोडीने मोजली गेली, हे एकटं उरलं, आणि मुकाट परत पेटीत गेलं. फोटो मात्र गावोगाव गेले. त्या ओळी कशाच्या आहेत हे ओळखणारा कुठेतरी एक भेटला. तो कोण, कुठला, हे आजतागायत कळलेलं नाही.

नवऱ्याचा चेहरा बघून झुंबरबाईलाही उमगलं. "चला. आत्तेच जितूले दखाडू."

"थांब," आबा म्हणाले. "कोकिळानं काय व्हई?"

"आनि तुम्हनं काय व्हयनं ते?"

नवरा गेला तेव्हा जी बाई डगमगली नाही, तिला आता सांगायचं, की तुझ्या पोराची सगळी कमाई तू स्वतःच्या हाताने, माळ घालून, चव्हाट्यावर मांडलीस. जितेंद्र तापट, तोंडाला येईल ते बोलेल. आणि न सांगावं, तर पायरी गेली ती गेलीच, वर चोर म्हणून मरायचं. आबा दोन दिवस घरात येरझारा घालत राहिले. शनिवारी त्यांनी ठरवलं. जितेंद्रला एकट्याला बाहेर गाठायचं, फोटो दाखवायचा आणि आईला यातलं काही कळू देऊ नको असं बजावायचं. बायकोचा फोन खिशात घालून ते संध्याकाळी कोकिळाबाईच्या घरी गेले. झुंबरबाईने फोन मुकाट्याने दिला, आणि ती एवढी मुकाट्याने काही देत नाही हे आबांच्या लक्षात यायला हवं होतं.

एसटी आली नव्हती. कोकिळाबाई नुकतीच जिनिंगमधून आलेली, केसांत सरकीचा भुसा. तिने चहा टाकला, आबांसाठी पाट मांडला.

"आबा, मी बोलनू त्याले," ती खालमानेने म्हणाली. "तुनं नाव ले, मनं ले, पन आबासनं नाव लेऊ नको. तो आयकस नही." आणि कप पुढे करताना म्हणाली, "असं काय व्हतं त्या ताटवर? माले वाटनं बहीनकरता लिखी आनं. मी ते रुखवतमा पुढे मांडं व्हतं. बठ्ठी बायासनी नावाजं."

आबांनी कप घेतला. गावात या एका घरात त्यांच्यावर विश्वास उरला होता, आणि त्याच घरात त्यांनी तो फोन खिशात घालून आणला होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. जितेंद्र यायच्या आत उठून जावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं, तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

जितेंद्र आत आला तो चेहरा लाल करून, आणि हातात स्वतःचा फोन उघडा धरून. झुंबरबाईने फोन नवऱ्याला देण्याआधी तो फोटो जितेंद्रला पाठवून दिला होता.

"आई," तो म्हणाला, "त्या ताटनं तू..."

आबा पाटावरून उठले. एवढ्या झटक्यात ते कित्येक वर्षांत उठले नसतील. "जितू, चूक मनी शे," ते म्हणाले. "मी बोली गऊ. चहाना दुकानवर. शब्द मना तोंडमाईन निंघी ग्यात."

कोकिळाबाई आबांकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरची माया उतरली. "आबा, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. आबांना वाटलं, शिपाई परत आला असता तरी चाललं असतं, पण हे दोन शब्द ऐकायला नको होते. तरी ते मान खाली घालून उभे राहिले, मागे हटले नाहीत.

जितेंद्रच्या हातात या माणसाच्या निर्दोषपणाचा पुरावा होता, आणि तो माणूस त्याच्या समोर उभा राहून गुन्हा कबूल करत होता. ए म्हणजे तिकाटणं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडातून बारा इंग्रजी शब्द चहाच्या दुकानात कसे निघतील? त्याने आईकडे पाहिलं, तिच्या केसांतल्या भुशाकडे पाहिलं. याच कामातून तिला सोडवायचं म्हणून तर ती नाणी जमवली होती. आई, तुला मी सांगायला हवं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं असेल, पण ते बोललं तर पैसे कुणाच्या हातून गेले हे तिला कळलं असतं. त्याने फोन बंद करून खिशात घातला.

"आबा खोटं बोली ऱ्हायनात, आई," तो म्हणाला. "चूक मनी शे. त्या ताटना एक फोटो व्हता. तो मनामुळे बाहेर गया. माले आजच समजनं."

"मंग आबासनं नाव काबर लिन्हं तू?"

कोकिळाबाईने एवढ्या मोठ्या पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला आबांच्या पायांवर वाकवलं. मग आबांकडे वळली. "आनि तुम्ही काबर खोटं बोलनात?"

"त्याले नोकरी शे, इज्जत शे," आबा पुटपुटले. "मनं काय, म्हातारानं." हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा बरं जमलं. कोकिळाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने आबांना पुन्हा चहा प्यायला लावला.

जितेंद्रने सोमवारी जळगावला जाऊन आबांचं नाव काढून घेतलं. पण सरकारी कागदावरून नाव काढणं सोपं, गावाच्या तोंडातून काढणं अवघड, हे तोही जाणून होता. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी त्याने कामावर रजा टाकली, आबांना घरून हाताला धरून आणलं, पायरीवर बसवलं आणि मशीनची वायर स्वतः दुकानात नेऊन जोडली. नवीन शेठनी आतून उशी पाठवली. बाजार गच्च भरलेला. सगळ्यांना दिसेल असं जितेंद्रने पिशवीतून तेच ताट काढलं.

"आबा, आते पुढल्या बाजूले लिखनं शे."

"कोनं नाव?"

"आईनं. पुरं लिखा. एक अक्षर बी आखडू नका."

ज्याच्या पैशाची चोरी झाली तोच पोरगा आबांपुढे भांडं धरून बसलाय, हे बघायला माणसं थांबली. मशीन घर्र करू लागलं. कोकिळाबाई पुना महाजन, धरणगाव. पाठीवरचे बारा शब्द तसेच राहिले, कारण स्टीलवरचं कोरलेलं पुसता येत नाही. त्यांनी आता काहीच उघडत नव्हतं. काम संपेपर्यंत एक बाई मागे कळशी घेऊन उभी राहिली होती, आणि तिच्यामागे आणखी एक.

दिवाळीत कोकिळाबाईने त्याच ताटात फराळ घालून आबांकडे पाठवला. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून झुंबरबाईने त्यात आपल्या करंज्या भरल्या, आणि आबा स्वतः ते पोचवायला गेले. कोकिळाबाईने करंज्या डब्यात काढल्या, ताट धुतलं आणि पुसता पुसता उलटं केलं.

"आबा, हाई मांगे काय लिखेल शे ते माले कोनी सांगंच नही."

आबांनी त्या चार ओळींकडे पाहिलं. अजून त्यांना त्यातला एकही शब्द वाचता येत नव्हता.

"तुना पोऱ्यानी कमाई शे ती," ते म्हणाले.

कोकिळाबाईला ते ऐकून फार बरं वाटलं. तिने पदराने ताट पुन्हा एकदा कोरडं केलं आणि मांडणीवर सगळ्यांत पुढे, दारातून आत येणाऱ्याला दिसेल असं, पाठ बाहेर करून उभं केलं.